सार्वजनिक वाहतूक : तिकिटाचा हक्क आणि धुराचा वाटा

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल सोडले, की कर्नाळ्याच्या सुळक्याआधी शिरढोण लागते. शिरढोण म्हटले, की वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव निघते. १८४५ साली त्यांचा जन्म या गावी झाला. त्यांच्या बंडात रामोशी, कोळी, धनगर होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांना उशिरा आठवते. पण येथे विषय बंडाचा नाही. विषय आहे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा.

महामार्गावरच्या गावाचे एक वेगळेच दुर्दैव असते. जग त्याच्या दारावरून जाते, पण दारात थांबत नाही. रस्ता दुपदरी होता तेव्हा गाड्या हळू जात. तो रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाणे हेच जोखमीचे काम होऊन बसले. पनवेलला कामावर जाणारी बाई, कॉलेजला जाणारा मुलगा, दवाखान्यात निघालेला म्हातारा, भाजीची पाटी घेऊन निघालेली ठाकूर किंवा कातकरी स्त्री, ही सारी माणसे कडेला उभी असतात. त्यांच्या अंगावरून वारा आणि धूर टाकीत मोटारी निघून जातात. रस्ता त्यांच्या गावचा, त्यांच्या शेतांतून गेलेला. त्यावरून पुढे जाण्याचे साधन मात्र त्यांचे नाही.

आपल्याकडे विकास म्हणजे रस्ता असे एक समीकरण रूढ झाले आहे. रस्त्यावरून कोण जाणार आणि कशातून जाणार, हा प्रश्न त्या समीकरणात येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांकडेही मोटार नव्हती. त्यानंतर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हे प्रमाण आठाच्या आसपासच राहिले. म्हणजे शंभरातल्या नव्वदाहून अधिक घरांच्या दृष्टीने रस्त्याचा अर्थ एकच : त्यावरून बस येते की नाही.

सार्वजनिक वाहतुकीकडे केवळ सोयीची बाब म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्या चळवळीने फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्याने सांगितले. त्या एका विशेषणाचा अर्थ प्रत्यक्षात उतरविण्यासाठी १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली गोष्ट वाहतुकीच्या संदर्भात मुद्दाम आठवावी अशी आहे. सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराकडे. जवळचा मार्ग धरमतरचा होता. तेथे उतरून मोटारीने महाड गाठता आले असते. पण धरमतरच्या मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर काय करावयाचे, हा प्रश्न होता. दासगाव महाडपासून पाच मैलांवर. मोटार मिळाली नाही तर पायी जाता येईल, असा तो हिशेब होता. मनुस्मृतीच्या दहनाकडे निघालेल्या माणसांना आपला मार्ग ठरविताना आधी मोटारमालकाच्या मर्जीचा विचार करावा लागला! आज मुंबई-गोवा महामार्ग शिरढोणवरून पुढे ज्या महाडला जातो, तेच हे महाड.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत असे आणखी दोन प्रवास नोंदविले आहेत. १९०१ च्या सुमारास ते लहान असताना भावंडांसह वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. आगगाडीने त्यांना तेथवर बिनतक्रार आणले होते. स्टेशनाबाहेर बैलगाडीवाल्यांना जात कळली आणि कोणी गाडी देईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही अशा अटीवर, की मुलांनी गाडी हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे. १९२९ साली तोच प्रसंग चाळीसगावला दुसऱ्या रूपात आला. आता ते बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. टांगेवाल्याने महाराचा टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या दोन्ही प्रसंगांत आगगाडी आणि टांगा यांच्यातला फरक नीट पाहावयास हवा. आगगाडीत तिकीट होते. टांग्यात आणि बैलगाडीत मर्जी होती. जेथे वाहन खाजगी मालकाचे असते तेथे प्रवासी हा आश्रित असतो. जेथे वाहन सर्वांचे असते तेथे तो हक्कदार असतो. रेल्वे आणणाऱ्या इंग्रजांना काही समतेची तळमळ नव्हती. त्यांना कापूस बंदरात न्यावयाचा होता आणि फौज हलवावयाची होती. पण तिकिटावर जात छापण्याची सोय त्यांनी केली नाही, एवढा तरी उपकार झाला.

अमेरिकेतल्या निग्रो बांधवांना तेवढेही मिळाले नव्हते. माँटगोमेरी शहरात बसमध्ये तिकीट घेऊनही त्यांना मागे बसावे लागे, आणि गोरा आला तर उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यानंतर ३८१ दिवस त्या शहरातल्या काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार टाकला. ती माणसे पायी चालली, एकमेकांच्या गाड्यांतून गेली. १९५६ च्या डिसेंबरात बस सर्वांना सारखी खुली झाली. आपल्याकडे बाबासाहेब गेले तोच हा महिना. लढा बसमधल्या बाकाचा होता, आणि त्यातून सबंध नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर सरकारची पहिली एस.टी. धावली. आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनाचा वापर नाकारणे हा गुन्हा ठरविला. कायद्याने दार उघडले आणि एस.टी.ने ते गावोगाव नेले. ज्या गावात महाराने पैसे वरून टाकावयाचे आणि वाण्याने त्यावर पाणी शिंपडून ते उचलावयाचे, त्याच गावात कंडक्टर हातात तिकीट देऊ लागला व हातातून मोड घेऊ लागला. तीन जणांच्या बाकावर पाटील, बौद्धवाड्यातला मुलगा आणि कातकरीण असे खांद्याला खांदा लावून बसू लागले. कोणी नाक मुरडले असेल, कोणी 'कुठले तुम्ही?' म्हणून आडून जात विचारली असेल. आजही विचारतात. पण उठविण्याचा अधिकार कोणालाच राहिला नाही. (एस.टी.त एक आसन आमदारांसाठी राखीव असते. त्यावर आमदार बसलेले कितीजणांनी पाहिले आहेत, याची कोणी तरी पाहणी करावी.)

एस.टी.ने केलेले दुसरे काम शिक्षणाचे. खेड्यातल्या मुलामुलींना सवलतीचा पास मिळाला, मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळाला. तालुक्याचे हायस्कूल आणि नंतर कॉलेज आवाक्यात आले. दलित समाजातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांत असे कितीतरी आहेत, की ज्यांच्या पदवीत पहाटेच्या एका गाडीचा वाटा आहे. तिसरे काम नोकरीचे. एस.टी. हे सरकारी महामंडळ असल्याने तेथे आरक्षण लागू झाले. ज्यांच्या आज्यापणज्यांना टांग्यात घेत नव्हते ते चालक झाले, वाहक झाले, आगारात मेकॅनिक झाले. आता विजेच्या गाड्या कंत्राटदाराकडून चालकासह भाड्याने घेण्याची पद्धत रूढ होत आहे. गाडी स्वच्छ आहे, याबद्दल आनंदच आहे. पण कंत्राटदाराच्या चालकाला आरक्षण नाही, नोकरीची शाश्वती नाही. धूर गेला आणि त्याबरोबर हक्कही गेला, असा हा सौदा होता कामा नये.

आता धुराकडे वळतो, कारण 'पर्यावरण' हा शब्द आपल्यापैकी अनेकांना अजून उच्चभ्रूंचा वाटतो. फुलपाखरे, पक्षी, सकाळचा फेरफटका असे काही तरी. या गैरसमजाला त्या मंडळींचाही हातभार आहे. परंतु प्रदूषण हे जातीसारखेच खाली उतरत जाते, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वाहनांच्या धुरातले बारीक कण, अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि रक्तात शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आपली राष्ट्रीय मर्यादा ४० आहे. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, असे त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले. हा धूर सर्वांत दाट असतो तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोनशे-तीनशे मीटरांत. तेथे कोण असते? टपरीवाला, झाडूवाली, खडी टाकणारा मजूर, झोपडी घालून राहिलेले कुटुंब, बसची वाट पाहणारी बाई. मोटारीतला माणूस काच वर करतो आणि आतले यंत्र लावतो. जो धूर सोडतो तो त्यातून निघून जातो. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या छातीत तो मुक्कामाला राहतो.

बसने काय फरक पडतो, याचा एक ढोबळ हिशेब कोणीही कागदावर मांडू शकेल. साधी डिझेल बस एक लिटरमध्ये साडेचार-पाच किलोमीटर जाते. आत चाळीस माणसे असली तर एका लिटरमध्ये एक माणूस जणू दोनशे किलोमीटरच्या आसपास गेला. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर गेली आणि तीत एक-दोन माणसे असली, तर हाच आकडा पंधरा ते तीसवर येतो. मोटारसायकल मधे कोठे तरी बसते. म्हणजे तेवढ्याच माणसांना तेवढेच अंतर नेण्यासाठी मोटारींना बसच्या सात-आठपट किंवा त्याहूनही अधिक इंधन लागते. ऊर्जेच्या वापरातून जगात जो कार्बन वायू बाहेर पडतो, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा वाहतुकीचा आहे. तो कमी करावयाचा, तर मोटारींचे इंजिन बदलण्याइतकेच मोटारींची संख्या कमी करणेही आवश्यक आहे. विजेची मोटार धूर सोडत नाही हे खरे. पण तिचे टायर झिजतात, रस्त्याची धूळ उडते, आणि ती जागा तेवढीच अडविते.

येथे एक प्रांजळ कबुली द्यावयास हवी. हा हिशेब भरलेल्या बसचा आहे. पाच माणसे घेऊन धावणारी, काळा धूर ओकणारी जुनी बस पर्यावरणाचे काही भले करीत नाही. म्हणून 'बस वाढवा' एवढे म्हणून भागत नाही. ज्या वेळी माणसांना जावयाचे आहे त्या वेळी, ठरल्या वेळेवर ती यावयास हवी. तरच ती भरते.

जागेचा मुद्दा आपल्या दृष्टीने धुराइतकाच महत्त्वाचा आहे. एक मोटार उभी करण्यासाठी साधारण अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गरिबाच्या घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. म्हणजे सरकारच्या हिशेबाने एका दरिद्री कुटुंबाचे घर दोन मोटारींच्या जागेएवढे! त्या मोटारी दिवसाचा बहुतेक वेळ नुसत्या उभ्या असतात. पनवेल परिसरात गेल्या काही दशकांत ज्या वेगाने जमीन सिमेंटखाली गेली, त्यात या उभ्या मोटारींचा वाटा किती आहे, हे कोणी मोजत नाही. डोंगर फोडून मुरूम काढला जातो. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले, आणि महामार्ग त्यातूनच जातो. रस्ता रुंद करावयाचा म्हटले, की पहिला बळी झाडांचा आणि दुसरा कडेच्या माणसांचा.

आणि रुंद करून तरी कोंडी सुटते काय? रस्ता मोकळा झाला, की जे आधी बसने किंवा आगगाडीने जात तेही मोटार काढतात. काही वर्षांत तो पुन्हा भरतो. या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले, हे कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. त्या काळात गणपतीला गावी जाणाऱ्यांची खरी भिस्त राहिली ती कोकण रेल्वेवर आणि एस.टी.च्या जादा गाड्यांवरच.

शिरढोणच्या बाबतीत रेल्वेचाही विचार करून पाहावा. १८३० साली बोरघाटाचा रस्ता झाला तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलला येई आणि येथून पुण्याची वाट धरी. १८६३ मध्ये आगगाडी कर्जतमार्गे घाट चढली आणि पनवेल बाजूला पडले. पुढे शंभर वर्षांनी येथे रेल्वे आली. ती १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे म्हणून पुढे जोडली गेली. पण हा मार्ग सोमाटणे, रसायनी, आपटा असा गेला. महामार्गावरच्या गावांना रेल्वे हवी तर आधी पनवेल गाठावे लागते. पनवेलपर्यंत आले, की हार्बर मार्गाची लोकल आहे, अख्खी मुंबई समोर आहे. अडते ते पहिल्या आठ-दहा किलोमीटरांत. तेवढ्यासाठी बस नसली, तर सहा आसनी रिक्षात दहाजणांनी कोंबून जावयाचे, किंवा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावयाचे. संध्याकाळ झाली, की रिक्षावाला म्हणेल तो भाव आणि म्हणेल ती वेळ. मसूरच्या गाडीवानाने जात विचारली होती. हा जात विचारीलच असे नाही, पण मर्जी मात्र परत आली.

या मर्जीचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडतो. शेवटची गाडी सात वाजता असेल, तर मुलीला साडेसहाच्या तासाला बसू दिले जात नाही. रात्रपाळीचे काम तिला मिळत नाही. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. हे चांगलेच झाले. बाजार, माहेर, दवाखाना यांच्यासाठी तिला घरातल्या पुरुषाकडे पैसे मागण्याचे प्रमाण तेवढे कमी झाले. परंतु जी गाडी येतच नाही तिचे अर्धे तिकीट काढून काय उपयोग?

गाड्या का येत नाहीत, याचे उत्तर 'तोटा' या एका शब्दात दिले जाते. महामारीपूर्वी एस.टी.कडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या आणि रोज साठ-पासष्ट लाख लोक त्यांतून जात. मग टाळेबंदी आली. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, तेवढ्या नव्या आल्या नाहीत. फेऱ्या घटल्या, की ज्याला शक्य आहे तो हप्त्याने मोटारसायकल घेतो. प्रवासी घटले, की तोटा वाढतो. तोटा वाढला, की आणखी फेऱ्या बंद होतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, विद्यार्थी, बायका आणि ज्यांना हप्ता भरता येत नाही ते. या दुष्टचक्राला कोणी जातिभेद म्हणणार नाही. पण शेवटी थांब्यावर कोण उरले, ते एकदा मोजून पाहावे.

तोट्याचा हा न्यायही मोठा विलक्षण आहे. महामार्गाला कोणी विचारीत नाही, की तुझा नफा किती? अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. न्हावा-शेवा बाजूने तो याच परिसरात उतरतो. त्याला हजारो कोटी लागले. तो तोट्यात आहे म्हणून बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. त्यावर दुचाकीला, रिक्षाला आणि पायी माणसाला मज्जाव आहे. म्हणजे मोटार असेल तर जा, नाही तर बस शोधा. उलट एस.टी.च्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारच घेत आले. जो माणूस सर्वांत कमी धूर करतो, सर्वांत कमी जागा अडवितो, त्याच्याच तिकिटातून कर!

नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटित झाला आणि डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. विमानतळ म्हटला, की सफाई, सामान उचलणे, पहारा, खानावळ ही कामे आलीच, आणि ती तिन्ही पाळ्यांत चालतात. पनवेल तालुक्यातल्या गावांतली मुले-मुली ती करू शकतात. पहाटे चारच्या पाळीला शिरढोणहून निघणाऱ्या मुलीने कशातून जावे? तिच्या पगारातला किती हिस्सा रिक्षाला द्यावा? रोजगाराच्या आकड्यांत हे प्रश्न दिसत नाहीत.

म्हणून मागणी मांडताना ती मोघम नसावी. ग्रामसभेच्या ठरावात शाळा सुटण्याच्या आणि पाळी बदलण्याच्या वेळा लिहाव्यात. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी लोकलच्या वेळांशी जोडून मागावी. लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी कोणत्या गावाला थांबल्या पाहिजेत, त्यांची नावे घालावीत. थांब्याला छप्पर आणि रात्री दिवा असावा, रस्ता ओलांडण्याला सुरक्षित वाट असावी. बौद्धवाडा आणि आदिवासी वाडीपासून थांबा किती अंतरावर आहे, हेही त्यात नमूद करावे, कारण थांबे बहुधा गावठाणाच्या सोयीने ठरतात. एका आठवड्यात किती माणसे थांब्यावर उभी राहिली आणि किती गाड्या न थांबता गेल्या, याची वही कॉलेजच्या मुलांनी ठेवली, तर आगारात जाताना हातात कागद असेल.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, खान्देशातून रेल्वेच्या खास गाड्या सुटतात, एस.टी. भरून येतात. त्यातल्या फार थोड्यांकडे स्वतःची मोटार असते. १९२७ साली दासगावला उतरताना मोटार मिळेल की नाही याची ज्यांना खात्री नव्हती, त्यांचीच ही नातवंडे-पतवंडे. पनवेल स्थानकात त्या दिवशी कोकणातून येणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहावी. आणि परतीच्या रात्री, लोकलमधून उतरलेल्या माणसांपैकी महामार्गावरच्या गावांना जाणारी किती जण बस न मिळाल्याने फलाटावरच सकाळ करतात, तेही पाहावे.